वारजे ते शिवाजीनगर सायकलने: धोका किती, आणि आपल्या हातात काय?

तुम्ही लिहिलंय की वारज्याहून शिवाजीनगरच्या ऑफिसला रोज सायकलने जायचा विचार आहे. अंतर साधारण दहा किलोमीटर, घरात तीन वर्षांची मुलगी. आई म्हणते, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सायकल घालणं म्हणजे जिवाशी खेळ. रॉटरडॅमला राहणारा मित्र म्हणतो, नियम पाळ, सिग्नल तोडू नकोस, काही होत नाही. आणि झालंच तर चूक समोरच्याची. दोघांतलं बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

मी कोथरूडला राहते, कामाला सायकलनेच जाते आणि चाळिशी-पन्नाशीत पुन्हा सायकल हातात घेणाऱ्यांना रहदारीत चालवायला शिकवते. पहिल्याच दिवशी बहुतेक जण हाच प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतात. मला वाटतं, आई आणि मित्र दोघंही अर्धंच सांगताहेत. तुमचा खरा प्रश्न असा आहे: या धोक्यातला किती भाग माझ्या हातात आहे, आणि जो हातात नाही तो मुलीचा बाप म्हणून मी पत्करावा का?

आधी एक गाठ सोडवू. अपघातात चूक कोणाची होती, आणि तो टाळणं कोणाला जमलं असतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे ते सतत एकमेकांत मिसळतात. फूटपाथवरून कोणी हात दाखवला आणि रिक्षा एकदम डावीकडे घुसली, तुम्ही तिच्यावर आदळलात, तर चूक रिक्षावाल्याची. यात वाद नाही. पण मनगट मोडतं ते तुमचं, आणि महिनाभर मुलीला उचलून घेता येत नाही ते तुम्हाला. म्हणून सायकलवर असताना मी चूक कोणाची याचा हिशेब करत बसत नाही. समोरचा चुकला तरी मी उभी राहीन का, एवढंच बघते. अपघात होऊन गेल्यावर मात्र हाच विचार जखमी माणसाच्या अंगावर टाकायचा नाही. ‘त्या रस्त्याने गेलासच कशाला’, ‘पिवळं जॅकेट का नव्हतं’, असं हॉस्पिटलच्या खाटेपाशी विचारणारे भेटतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. काळजी घेणं ही सायकल बाहेर काढण्याआधीची आणि चालवतानाची गोष्ट. ती कमी पडली म्हणून धडक देणाऱ्याचा निष्काळजीपणा धुऊन निघत नाही.

मित्राचं म्हणणं त्याच्या गावी खरं आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, मोठं आंदोलन झालं आणि पुढच्या काही दशकांत तिथले रस्ते बदलले. वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये मोटारींचा वेग तीसवर आणला, मोठ्या रस्त्यांवर सायकलींना वेगळी वाट दिली. कायदाही त्याच बाजूने झुकतो. मोटार आणि सायकल यांची धडक झाली तर भरपाईचा भार मुळात मोटारवाल्यावर. सायकलवाला प्रौढ असेल आणि थोडा चुकला असेल तरी निदान निम्मा भार मोटारवाल्याकडे राहतो. सायकलवर चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ सगळाच. ज्याच्या हातात जास्त धोकादायक वस्तू आहे त्याने जास्त जबाबदारी घ्यायची, असा तो विचार आहे आणि मला तो योग्य वाटतो. तिथे माणसाच्या चुकीला रस्त्यातच जागा ठेवलेली आहे.

आपल्या महापालिकेनेही २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच्या आधी सातारा रस्त्याला बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गाबरोबर, सायकल ट्रॅक झाले होते. पण ट्रॅक धरून निघावं तर मध्ये कुठे दुचाकी लावलेल्या, कुठे टपरी, कुठे बसथांबा, नाहीतर ट्रॅकच संपलेला. त्यामुळे चुकीसाठी लागणारी जागा इथे ज्याची त्याला बनवावी लागते. माझ्या सगळ्या शिकवण्याचा गाभा एवढाच आहे: दुसऱ्याने चूक केली तरी आपण पडणार नाही इतकं अंतर आणि इतका वेळ सतत हाताशी ठेवायचा. सिग्नल पाळणं त्यात आलंच, पण नुसतं तेवढ्याने भागत नाही.

आईची भीतीही खोटी नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा आणि त्याखालोखाल पायी चालणाऱ्यांचा. सायकलवाल्यांचा वाटा बराच कमी आहे, पण त्यावरून सायकल सुरक्षित असं म्हणता येणार नाही, कारण मुळात रस्त्यावर सायकली कमी आहेत. एवढं मात्र आईला जरूर सांगा की सायकलऐवजी स्कूटर काढलीत तर धोका संपत नाही, त्याचं रूप बदलतं. दुसऱ्याला होणाऱ्या इजेचाही विचार करा. तुम्ही आणि सायकल मिळून पंच्याऐंशी किलो, ताशी अठरा किलोमीटरने चाललात. त्याच रस्त्यावर बाराशे किलोची मोटार ताशी चाळीसने चालली. मोटारीच्या धडकेतली ऊर्जा तुमच्या सुमारे सत्तर पट निघते. सायकल निवडणारा माणूस स्वतःवरचा धोका थोडा वाढवतो आणि दुसऱ्यांवरचा खूप कमी करतो. त्याला बेजबाबदार म्हणणं मला पटत नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते बघू. वारज्यात हायवेच्या कोणत्या बाजूला राहता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुंबई-बंगळूर हायवेवर, चांदणी चौक ते नवले पूल या पट्ट्यात, सायकल घालू नका. सकाळी सहा वाजतासुद्धा नाही. तिथे भरलेले ट्रक उताराला लागलेले असतात, आणि तुमचं कौशल्य कितीही असलं तरी तिथे ते उपयोगाचं नाही. हायवे ओलांडायचा असेल तर खालच्या रस्त्याने, आणि गर्दी असेल तर उतरून, सायकल हातात धरून.

दुसरी गोष्ट वेळेची. इथे बहुतेकांचा अंदाज उलटा निघतो. सकाळी साडेनऊला गच्च भरलेला कर्वे रस्ता भीतीदायक दिसतो, पण त्या गर्दीत मोटारी पंधरा-वीसच्या वर जाऊच शकत नाहीत. तुम्हीही तेवढ्याच वेगाने जात असता. धक्का लागला तरी बहुतेक वेळा खरचटण्यावर निभावतं. रात्री अकराला तोच रस्ता मोकळा असतो, मोटारी साठच्या पुढे जातात आणि चालक सैल झालेला असतो. गर्दीपेक्षा तुमच्या आणि मोटारीच्या वेगातला फरक जास्त घातक आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, आणि चालकाला तुम्ही दिसण्यापासून तुमच्यापर्यंत पोचण्याला लागणारा वेळ निम्मा होतो. म्हणून ऑफिसमधून उशिरा सुटायची सवय असेल तर तुमचा परतीचा रस्ता सकाळपेक्षा वेगळा असायला हवा.

या फरकाचाच विचार करून मी रस्ता निवडते. तुमच्या जागी मी असते तर कर्वेनगरातून राजाराम पुलाकडे उतरले असते, तिथून नदीकाठचा डीपी रोड धरून म्हात्रे पुलापर्यंत, मग एरंडवण्याच्या गल्ल्यांतून कर्वे रस्ता एकदाच, सिग्नलला ओलांडून प्रभात रस्ता किंवा भांडारकर रस्त्याला लागले असते. थोडं लांब पडतं, पण झाडं आहेत आणि बसची वर्दळ कमी. लग्नसराईत संध्याकाळी मात्र डीपी रोड टाळा. लॉनच्या बाहेर गाड्यांच्या रांगा असतात, नवखे पाहुणे यू-टर्न घेत असतात, मध्येच वरात. कर्वे रस्त्यानेच जायचं ठरवलंत तर कर्वेनगर किंवा नळ स्टॉपच्या उड्डाणपुलावर चढू नका, खालूनच जा. पुलावर मोटारींचा वेग वाढतो आणि डावीकडे कठडा असल्यामुळे निसटायला जागा राहत नाही. फर्ग्युसन आणि जंगली महाराज, दोन्ही रस्ते एकेरी आहेत, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात ‘एवढंच तर आहे, जाऊ राँग साइडने’ असा मोह होणार. त्याबद्दल पुढे लिहिते.

रविवारी सकाळी सातला हा रस्ता एकदा नुसता बघायला जा. खड्डे, उघडी चेंबर, रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली बसलेली ड्रेनेजची झाकणं, चाकाच्या दिशेने फटी असलेल्या जाळ्या, सगळं लक्षात ठेवा. पुढे गर्दीत तुमची नजर माणसांवर हवी. रस्त्याची ओळख आधी झालेली असेल तरच ती तिथे राहते.

मला ज्या चार प्रसंगांची सर्वांत जास्त काळजी वाटते ते आता सांगते.

पहिला बसचा, आणि यात चुकीला माफी नसते. बस किंवा डंपर डावीकडे वळतो तेव्हा त्याचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही. ते आतून, फूटपाथला खेटून जातं. सिग्नलला उभ्या बसच्या डावीकडून जी चिंचोळी फट दिसते आणि जिच्यातून पुढे सरकावंसं वाटतं, नेमकी तीच जागा मागचं चाक काही सेकंदांनी व्यापणार असतं. तिथे सापडलेल्या सायकलवाल्याला ना पुढे जाता येतं, ना मागे. चालकाला तो दिसतही नाही. म्हणून बसच्या मागे, थोडं अंतर ठेवून थांबायचं. बसच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात, हे धरूनच चाला. बस थांब्यावर उभी असेल तर डावीकडून कधीच काढू नका, माणसं उतरत असतात. उजवीकडून काढायला ऐसपैस जागा असेल तरच काढा, नाहीतर ती सुटेपर्यंत मागे थांबा. हिरवा दिवा तुमच्यासाठी आहे, तुमचा हक्क आहे, सगळं खरं. तरी थांबा.

दुसरा रिक्षाचा. इंडिकेटरच्या भरवशावर राहू नका. रिक्षाच्या मागे असताना मी दोन गोष्टी बघते: फूटपाथवर कोणी हात वर करतंय का, आणि रिक्षावाल्याचं डोकं. रिक्षा वळायच्या आधी त्याचं डोकं वळतं. ते डावीकडे वळलं की माझी बोटं ब्रेकवर जातात. आत बसलेला माणूस पाकीट चाचपडायला लागला तरी तेच, रिक्षा आता थांबणार. याला थोडे आठवडे सराव लागतो, मग नजर आपोआप तिथे जाते.

तिसरा उभ्या मोटारीचं दार. रांगेने लावलेल्या मोटारींपासून निदान एक मीटर लांब राहा. एक मीटर म्हणजे उघडलेल्या दाराएवढी जागा. मागून हॉर्न वाजला तरी आत सरकू नका. हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. दार उघडणाऱ्याने पाहिलेलं नसतं. रस्ता इतका अरुंद असेल की एक मीटर मिळतच नाही, तर चालण्याच्या वेगावर या. आणि घरात, ऑफिसमध्ये जे मोटार चालवतात त्यांना सांगा की चालकाच्या बाजूचं दार डाव्या हाताने उघडा. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते.

चौथा राँग साइडचा. ‘समोरून येणारं दिसतं, म्हणून ते सुरक्षित’ असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. हिशेब करा. मोटार चाळीसने, तुम्ही पंधराने. एकाच दिशेने जात असाल तर ती पंचवीसच्या फरकाने तुमच्याजवळ येते. उलट्या दिशेने असाल तर पंचावन्नच्या. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे बघतो, कारण वाहनं तिकडूनच येणार असतात. तुम्ही त्याच्या डावीकडून येता. तो तुम्हाला धडकेपर्यंत पाहत नाही. एकेरी रस्त्यावर उलटं जायची वेळ आली तर उतरा आणि फूटपाथवरून चालत जा.

या सगळ्यात ‘अंतर ठेवा’ असं मी म्हणतेय, ते किती? ताशी वीसच्या वेगाला तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता. धोका दिसला आणि बोटांनी ब्रेक दाबला, यात साधारण एक सेकंद जातो. मग चांगल्या ब्रेकने कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी चारेक मीटर. म्हणजे जवळपास दहा मीटर, दोन मोटारी एकामागे एक उभ्या कराव्यात तेवढं. पावसात यात सहज चार-पाच मीटर वाढतात. पुढच्या वाहनाच्या मागे दोन-तीन मीटरवर चिकटून जात असाल तर तुमची सुरक्षा पूर्णपणे त्याच्या हातात आहे. गर्दीत दहा मीटर कोणी मिळू देत नाही, मध्ये दुचाकी घुसतेच. तेव्हा वेग कमी करायचा, दुसरा उपाय नाही. बारा-तेराच्या वेगाला निम्म्याहून थोड्या जास्त अंतरात थांबता येतं.

पुढचा ब्रेक वापरायला लोक घाबरतात, सायकल उलटेल म्हणून. पण ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवायचं बरंचसं काम तोच करतो. दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा हळूहळू दाबत न्यायचा, अंग थोडं मागे, हात ताठ. हे मोकळ्या मैदानात आधी अंगवळणी पाडा.

मैदानात मी आणखी एक गोष्ट करून घेते, आणि माझ्या मते हेल्मेटइतकंच तिला महत्त्व आहे. जमिनीवर चुन्याची सरळ रेषा आखते. शिकणाऱ्याने त्या रेषेवरून जायचं. मी मागे उभी राहून बोटं दाखवते, त्याने खांद्यावरून मागे वळून किती बोटं आहेत ते ओरडून सांगायचं. सुरुवातीला प्रत्येकाची सायकल उजवीकडे जाते, कारण मान वळली की खांदा वळतो आणि खांद्याबरोबर हँडल. रस्त्यावर ते उजवीकडे जाणं म्हणजे थेट मागून येणाऱ्या मोटारीपुढे. उपाय सोपा आहे: मागे बघताना उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवायचा. खांदा मोकळा होतो, हँडल सरळ राहतं. हे जमेपर्यंत मी कोणालाही मुख्य रस्त्यावर नेत नाही. आरसा लावा, उपयोगी आहे, पण मागे वळून पाहणारा सायकलवाला मागच्या चालकालाही दिसतो, ते काम आरशाने होत नाही.

हेल्मेटबद्दल नेमकं सांगते, कारण मित्र म्हणतो तिकडे कोणी घालत नाही. ते बरोबर आहे, आणि आपल्या कायद्यातही हेल्मेटची सक्ती मोटारसायकलवाल्यांना आहे, सायकलवाल्यांना नाही. तरी मी घालते आणि शिकणाऱ्यांना घालायला लावते. ईएन १०७८ या युरोपीय मानकाच्या चाचणीत हेल्मेट सुमारे दीड मीटरवरून सपाट पृष्ठभागावर आदळवतात, म्हणजे ताशी वीसच्या आसपासचा वेग. तुम्ही घसरून डोकं रस्त्यावर आपटलं, तर ते नेमक्या याच प्रसंगासाठी बनवलेलं आहे. आणि शहरात पडण्याचे बहुतेक प्रकार असेच असतात: खड्डा, ओली खडी, कुत्रं मध्ये येणं. साठने येणाऱ्या ट्रकपुढे ते हेल्मेट तुम्हाला वाचवेल अशी अपेक्षा ठेवू नका. ‘हेल्मेट आहे, मग घुसू’ असं ज्या दिवशी मनात येईल त्या दिवशी त्याचा फायदा संपला.

दिवे मात्र अजिबात चुकवू नका. मागे लाल, पुढे पांढरा, आणि अंधार पडायची वाट न बघता. जुने पुणेकर सांगतात की एके काळी दिव्याशिवाय सायकल सापडली की पोलिस चाकातली हवा सोडत. डायनॅमो घासत जाणाऱ्या त्या सायकली दिसायच्या तरी. आता चार्जिंगचा दिवा स्वस्तात मिळतो आणि कितीतरी सायकली अंधारात तशाच जातात. डोंगर चढायची महागडी सायकल घेण्याआधी चांगले दिवे, चालणारे ब्रेक आणि मोठ्या आवाजाची घंटी यांवर पैसे घाला. कानात इअरफोन नको, एका कानातही नको. मागच्या बसचा आवाज ही तुमच्याकडची महत्त्वाची माहिती आहे.

पावसाचं थोडक्यात: पहिल्या सरींत रस्त्यावरचं ऑइल वर येतं, तेव्हा अर्धा तास थांबा. झेब्राचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामाच्या पत्र्याच्या प्लेटा आणि पेव्हर ब्लॉक ओले असताना त्यांच्यावर वळू नका, ब्रेक मारू नका. जो खड्डा कोरडा असताना पाहिलेला नाही त्यात साचलेल्या पाण्यातून जाऊ नका. धो धो पाऊस असेल त्या दिवशी बसने किंवा मेट्रोने जा. रोज सायकलनेच जायचं असा पण केला की माणूस नको त्या दिवशीही बाहेर पडतो.

जबाबदारीची दुसरी बाजू आपण सायकलवाले विसरतो. मोटारीपुढे आपण दुबळे, पण फूटपाथवरच्या आजींपुढे आपण दांडगे आहोत. फूटपाथवरून चालवत जाणं, झेब्रावर चालणाऱ्यांमधून सायकल काढणं, हे मोटारवाल्याने आपल्याला कट मारण्यासारखंच आहे. बेदरकारपणे वाहन चालवण्याचं भारतीय न्याय संहितेतलं २८१ वं कलम सायकललाही लागू होऊ शकतं, आणि तुमच्या सायकलचा विमाही नसतो. दहा किलोमीटरच्या प्रवासात लाल सिग्नलना थांबून तुमची जेमतेम पाच-सात मिनिटं जातील.

एवढं करूनही अपघात होऊ शकतो. तेव्हा काय करायचं ते घरच्यांनाही माहीत हवं. आधी १०८ वर फोन, वाहनाचा नंबर आणि जागेचे फोटो. चालकाने जखमीला उपचार मिळवून देणं हे मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने त्याचं कर्तव्य आहे. मदत करणाऱ्या वाटसरूला १३४-अ कलमाने संरक्षण आहे, त्यामुळे थांबायला घाबरू नका असं लोकांना सांगत राहा. हॉस्पिटलमध्ये ही मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून नोंदवून घ्या, पोलिसांत तक्रार द्या. ‘किरकोळ लागलंय, जाऊ दे’ म्हणून सोडलं आणि दोन दिवसांनी गुडघा सुजला, तर हातात कागद राहत नाही. प्रत्येक मोटारीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि सायकलस्वार त्या विम्याच्या दृष्टीने थर्ड पार्टीच असतो. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर गंभीर दुखापतीला पन्नास हजार आणि मृत्यूला दोन लाख अशी सरकारी योजना २०२२ पासून आहे. आणि हेही लक्षात ठेवा की तुमचीही चूक ठरली, म्हणजे राँग साइड किंवा रात्री दिवा नसणं, तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते.

आता मुलीचा बाप म्हणून पत्करावा का, हा प्रश्न. तुमच्या वतीने मी ते ठरवू शकत नाही, आणि कोणी ठरवत असेल तर त्याचं ऐकू नका. हातात नसलेला भाग शून्य होत नाही. मी स्वतः तो पत्करला आहे, कारण रोजची हालचाल, वेळेवर पोचणं आणि शहरात एक मोटार कमी, हे मला मोलाचं वाटतं, आणि ज्या रस्त्यांवर धोका माझ्या आवाक्याबाहेर जातो ते रस्ते मी सरळ सोडून दिले आहेत. आईशी वाद घालू नका. तिला रस्ता दाखवा, स्कूटरवर मागे बसवून रविवारी डीपी रोडने शिवाजीनगरपर्यंत नेऊन आणा. तिची भीती बहुतेक हायवेची आणि मोठ्या चौकांची असते. तुम्ही तिथून जाणारच नाही हे तिने बघितलं की बोलणं वेगळ्या पातळीवर येतं. पत्नीशी विमा, रक्तगट, कोणाला फोन करायचा, हे एकदा शांतपणे बोलून घ्या आणि तेवढी माहिती लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा.

सुरुवात लगेच रोजच्या येण्या-जाण्याने करू नका. आधी मैदानात रेषेचा सराव, मग रविवारच्या सकाळी पूर्ण रस्ता, मग कामाच्या दिवशी फक्त जाताना. परतताना सुरुवातीला सायकल ऑफिसातच ठेवून बसने या. संध्याकाळी माणूस दमलेला असतो, उन्हं डोळ्यांवर येतात आणि सगळ्यांनाच घरी जायची घाई असते, त्यामुळे परतीचा प्रवास सवय झाल्यावरच जोडा. एखाद्या चौकात दर वेळी छातीत धडधडत असेल तर तो उतरून चालत पार करा. मी अजूनही काही चौक तसेच पार करते.

हायवेची बाजू, ऑफिसची वेळ आणि सायकल कोणती आहे ते कळवलंत तर कर्वेनगरातली गल्ल्यांची वाट मी वळणावळणाने लिहून देईन.